लपवलेलं काहीच नव्हतं

'द दा विंची कोड' मी पहिल्यांदा वाचली ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सबमिशनच्या आदल्या रात्री. हॉस्टेलवर एका मैत्रिणीकडे मराठी अनुवाद होता. मुखपृष्ठ गेलेला, पहिल्या पानावर चहाचा डाग. रात्री अकराला उघडली, पहाटे साडेचारला संपवली. फाइल अर्धवटच राहिली, सही मिळाली नाही. पण मी दिवसभर हवेत होते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वाचली असेल, निदान टॉम हँक्सचा सिनेमा तरी पाहिला असेल. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रात्री खून होतो. मरणारा माणूस तिथलाच क्युरेटर. जीव जाता जाता तो फरशीवर आकडे लिहून ठेवतो. ते फिबोनाचीचे आकडे, पण क्रम विस्कटलेला. आणि स्वतः दा विंचीच्या त्या प्रसिद्ध चित्रातल्या माणसासारखा हातपाय फाकवून पडतो. कॉम्प्युटरच्या पोरीला आणखी काय पाहिजे? रिकर्शन शिकताना पहिला भेटतो तो फिबोनाचीच. चित्रकला, इतिहास, विज्ञान, सगळं एका धाग्यात ओवलेलं, आणि प्रत्येक कुलपाला कुठेतरी किल्ली आहेच.

मला वाटतं, आम्हा कोड लिहिणाऱ्यांना अशा कादंबऱ्या आवडतात त्या याच भरवशासाठी. बग आहे म्हणजे कारण आहे. शोधत राहिलं की सापडतंच.

या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला लेखक सांगतो, की 'प्रायरी ऑफ सायन' ही 1099 साली स्थापन झालेली गुप्त संघटना खरी आहे. मी ते शब्दशः खरं मानलं होतं. दोनेक वर्षांनी एका रात्री मोबाइलवर वाचता वाचता कळलं, की ही संघटना पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच माणसाने 1956 साली काढली होती. तिचा प्राचीन वारसा सांगणारे कागद साठच्या दशकात बनवून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्यात आले होते. म्हणजे रहस्य कुणी शतकानुशतकं जपलं नव्हतंच. ते बनवून तिथे ठेवलं होतं, कुणीतरी शोधावं म्हणून.

पुस्तक काही कमी आवडलं नाही. फक्त मनात एक खुट्टी राहिली.

* * *

मी मूळची शिरूरची. आता पुण्यात आयटीत. आईचं माहेर दौंड तालुक्यात, भीमेकाठचं एक गाव. लहानपणीची प्रत्येक दिवाळी आणि मे महिना तिकडेच गेला.

चारेक वर्षांपूर्वी डॉ. प्रकाश कोयाडे यांची 'प्रतिपश्चंद्र' आमच्या ऑफिसात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. शिवकालाभोवती गुंफलेलं रहस्य, आणि तेही मराठीत. ती वाचल्यावर मला वाटलं, आपणही लिहावी की एखादी. आमच्या भागात मालमसाला कमी आहे का? शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी. दौंडहून भीमेपलीकडे गेलं की पेडगाव, तिथला बहादूरगड. 1689 साली कैद झालेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबासमोर आणलं ते तिथे. किल्ल्यात लक्ष्मीनारायणाचं कोरीव देऊळ. इतिहास झाला, कला झाली. राहिलं विज्ञान.

मी गुगल डॉक उघडून नाव टाकलं, 'भीमेचं सूत्र'. नायिका सॉफ्टवेअर इंजिनिअर (ओळखलंत तुम्ही). खलनायक म्हणजे तीनशे वर्षं गुपित राखणारी एक मंडळी. अकरा प्रकरणं झाली. मग विज्ञानासाठी शोधाशोध करताना एका संध्याकाळी इनामगावपाशी येऊन थांबले.

इनामगाव आमच्याच तालुक्यात आहे. घोड नदीच्या काठावर, न्हावऱ्याच्या पुढे. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येऊन गेलं होतं. 'ताम्रपाषाणयुगीन संस्कृती' एवढा शब्द पाठ करून मी दोन मार्क मिळवले होते. त्या गावावरून शंभरदा तरी दौंडला गेले असेन. एकदाही उतरले नव्हते.

* * *

तर इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात इथे उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. जमिनीखाली निघाली शेतकऱ्यांची वस्ती, इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातली. म्हणजे नऊशे वर्षं लोक एकाच ठिकाणी राहिले. एकावर एक घरं. शंभराहून जास्त घरांचे अवशेष मिळाले. घरात चुली, धान्य साठवायच्या जागा, जळून कोळसा झालेले गव्हाचे आणि जवाचे दाणे. बोरं, आवळे, जांभळंसुद्धा खायचे हे लोक. नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता, बांध घातला होता. तांबडी भांडी, त्यावर काळ्या रंगाची नक्षी. त्या भांड्यांना जोर्वे भांडी म्हणतात, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून. पक्की भाजलेली. टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात.

वय कसं कळलं? जळक्या दाण्यांत आणि कोळशात कार्बन-14 असतो. झाड जिवंत असेपर्यंत तो हवेतून भरला जातो. मेलं की भरणं थांबतं, आणि 5730 वर्षांत उरलेला निम्मा होतो. किती उरलाय ते मोजायचं. घड्याळ आधीपासूनच चुलीत पडलेलं होतं.

आणि कला? एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची लंबगोल पेटी मिळाली, झाकणासकट. आत एक स्त्रीमूर्ती, तिला शिरच नाही. मोडून गेलं असं नाही, मुळातच केलेलं नाही. झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती, हिला मात्र डोकं आहे. सोबत मातीचा बैल. शिर नसलेल्या मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. दोन्हींत काडी घातली की देवी बैलावर स्वार होते.

हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. 'दा विंची कोड' म्हणजे तरी काय, दडवलेल्या देवीचीच गोष्ट. आणि इथे खरीखुरी देवी, घराच्या फरशीखाली, पेटीत, आमच्या शिरूर तालुक्यात!

पुढे दफनं आली आणि मी पार वेडी झाले. मोठी माणसं पुरलेली, बहुतेक घरातच किंवा अंगणात, उताणी, डोकं उत्तरेला. सोबत अन्नपाण्याची भांडी. आणि पावलं नाहीत. घोट्याच्या वर कापलेली. एकच माणूस वेगळा. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर, त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण आणि त्यात मांडी घालून बसवलेला साधारण चाळिशीचा पुरुष. त्याची पावलं शाबूत. वस्तीचा प्रमुख असावा, असं अभ्यासक म्हणतात.

पावलं का कापली? ढवळीकरांसारख्या अभ्यासकांचा अंदाज असा, की मेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये, भटकू नये म्हणून.

डोकं उत्तरेला म्हणजे पाय दक्षिणेला. दौंडला आजीकडे आम्ही पोरं ओसरीवर कशीही आडवी व्हायचो, तेव्हा आजी खेकसायची, "दक्षिणेला पाय करून निजू नका गं, मेल्या माणसाला निजवतात तसं." माझ्या अंगावर काटा आला. हीच ती साखळी! तीन हजार वर्षं जपलेलं गुपित! बाराव्या प्रकरणाचा शेवट मी त्याच रात्री लिहून काढला.

सकाळी वाचला आणि खोडला. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास ती वस्ती उठली. तिथून आजीच्या ओसरीपर्यंतचे दुवे माझ्याकडे नव्हते. ते नसताना साखळी आहे म्हणणं म्हणजे प्लांतारचेच उद्योग.

* * *

कादंबरी अडली ती खलनायकापाशी. गुपित राखणारी मंडळी मला कुठे बसवताच येईना. कारण इनामगावचं काहीच कुणी लपवलेलं नव्हतं. 1988 साली उत्खननाचा जाडजूड अहवाल छापून झाला. ढवळीकरांनी 'महाराष्ट्राची कुळकथा' मराठीत लिहून ठेवली, कुणीही वाचावी म्हणून. वस्तू डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत, येरवड्याला, माझ्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग पहिल्यापासून होता. तो कुणी उघडला नव्हता, एवढंच.

आणि शेवटच्या पानावर सगळं उलगडतं, तसंही इथे नाही. शेवटच्या तीनशे वर्षांत हे लोक गरीब झाले. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी झाली, शिकार वाढली. गुन्हेगार कोण? पाऊस, असं ढवळीकरांनी मांडलं. हवामान कोरडं झालं आणि गाव हळूहळू मोडलं. बरीच वर्षं हाच निकाल होता. दरम्यान डॉ. सुभाष वाळिंबे आणि जॉन ल्युकाक्स यांनी तिथल्या हाडांचा, दातांचा बारकाईने अभ्यास केला. 2011 साली ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेचं पुस्तक आलं. तिने पाहिली ती मुख्यतः लहान मुलांची हाडं. वाढ कुठे खुंटली, आबाळ कधी झाली, हे हाडांत उमटतं. शेवटच्या काळातल्या मुलांचे हाल तिला दिसले, पण एकट्या दुष्काळावर सगळं ढकलणं तिला पटलं नाही. म्हणजे बंद झालेलं तिकीट पुन्हा उघडलं.

लहान मुलांची हाडं तिला पाहता आली, कारण ती राखलेली होती. इनामगावात लहान मूल गेलं की दोन मडकी घेत. त्यात मूल ठेवत, मडक्यांना तोंडाला तोंड लावून आडवं करत आणि घरातच, राहत्या जमिनीखाली खड्डा करून पुरत. मुलांची पावलं कापत नसत.

हे मी एका शुक्रवारी रात्री वाचलं, 'इंटरेस्टिंग' म्हणून फोनमध्ये नोंद केली आणि झोपले.

* * *

गेल्या दिवाळीत आईला घेऊन दौंडला निघाले. गाडी मी चालवत होते. न्हावरं सोडल्यावर म्हटलं, "आज इनामगावला उतरू जरा."

"तिथं काय आहे?"

"जुनं गाव सापडलंय, तीन हजार वर्षांपूर्वीचं."

"आपल्याकडं?" आईने असं विचारलं, जसं मी जपानबद्दल बोलतेय.

विचारत विचारत नदीकडे गेलो. आजूबाजूला ऊस आणि रान, पलीकडे घोडचं पाणी. माहीत नसेल तर पाहण्यासारखं काही नाही. पायाशी खापराचे तुकडे दिसत होते. जुने की कालच्या माठाचे, ते मला ओळखता येईना. उचलले नाहीत.

आईला मी टूर गाइडसारखं सगळं सांगायला लागले. शिर नसलेली देवी, बैल, पाच खोल्यांचं घर. चार पायांच्या रांजणातल्या माणसावर ती हसली. "आपला सरपंचच की." पावलांचं ऐकून "अगं बाई" म्हणाली. मग मी मडक्यांचं सांगितलं.

आई चालायची थांबली. "तोंडाला तोंड लावून?"

"हो. आत बाळ."

"आणि घरातच ठेवायचे?"

"घरातच. जमिनीखाली."

बराच वेळ ती नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं करायचे. जवळ तरी राहायचं लेकरू."

तिचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही. "काय झालं गं?" मी विचारलं. आणि तिने सांगितलं. काही अडखळणं नाही, रडणं नाही. भाजीचा भाव सांगावा तसं.

माझ्या आधी तिला मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. "किल्लारीचा भूकंप झाला ना, त्याच्या पुढच्या महिन्यात." म्हणजे ऑक्टोबर 1993. दूध ओढेना. नवव्या दिवशी गेला. बारसं व्हायचं होतं. लहान लेकरांना जाळत नाहीत. माझ्या आजोबांनी त्याला फडक्यात गुंडाळून शेतात नेलं आणि बांधावरच्या लिंबाखाली पुरलं. आई बाळंतिणीच्या खोलीत होती, तिला कुणी बाहेर येऊ दिलं नाही. जागा कुठली, ते तिला मामाने दोन वर्षांनी दाखवलं, मी पोटात असताना.

मी तिथेच ढेकळावर बसले.

कारण तो लिंब मला माहीत होता. दर दिवाळीला, दर मे महिन्यात, चहा झाल्यावर आई "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून एकटी शेताकडे जायची. मी मागे लागले तर आजी मला कशात तरी गुंतवायची. त्या लिंबाच्या बुंध्याभोवती मामाचा ट्रॅक्टर कधी फिरत नसे. हातभर रुंदीचं रान तसंच पडीक. उसाच्या पट्ट्यात एवढी जागा वाया का घालवतो, म्हणून मी मामाला एकदा हिशेबही करून दाखवला होता. तो म्हणाला, "मुळ्या लागतात फाळाला." मला पटलं होतं.

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, लूव्रच्या फरशीवरचे आकडे पाठ असलेल्या मला, हे दिसलं नव्हतं.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

आईला प्रश्नच कळला नाही बहुधा. "लपवलं थोडंच? सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या आत्यांना, मामीला, शेजारच्या काकूंना. तू विचारलं नाहीस."

* * *

दौंडला पोचलो. चहा झाला. आई उठली तेव्हा मीही चप्पल घातली. आजी काही बोलली नाही, मामाने मान खाली घालून बशीतला चहा संपवला.

वाटेत मी विचारलं, "नाव काय ठेवणार होतात?"

"आत्याबाईंनी ठरवलं होतं. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "आता त्या पण गेल्या."

म्हणजे हे उत्तर आता कुठेच नाही. कुणी दडवलेलं नाही, कुठल्या पेटीत नाही. ज्यांना माहीत होतं त्या गेल्या, बस. इनामगावचंही मला आता असंच वाटतं. देवीला शिर का नव्हतं, ते तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असणार. कुणी ते गुपित म्हणून जपलं नसणार. ज्याला त्याला ठाऊक होतं, आणि मग ठाऊक असलेलं कुणी उरलं नाही.

लिंबाखाली दगड नाही, खूण नाही. आईने तिथलं गाजरगवत उपटलं. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "हाताला खाज सुटंल, राहू दे." मी उपटत राहिले. दहा मिनिटांत जागा साफ झाली. वाटेत तिने मला आत्याबाईंबद्दल सांगितलं, मग बाळंतिणीच्या खोलीबद्दल, मग भूकंपाच्या त्या पहाटेबद्दल. मी विचारत होते, ती सांगत होती.

'भीमेचं सूत्र' अजून तशीच पडून आहे. गुप्त मंडळींची तीन प्रकरणं मी उडवून टाकलीत, त्यामुळे गोष्टीत मोठं भगदाड पडलंय. रहस्यकथा मी अजूनही रात्र रात्र जागून वाचते, तो नाद सुटणार नाही. पण आता शनिवारी आईला फोन केला की "जेवलीस का" याच्या पुढे एक तरी प्रश्न विचारते. आजी पंच्याऐंशीची आहे. तिच्यासाठी फोनमध्ये वेगळी यादी केली आहे. पुढच्या रविवारी दौंडला जातेय. पहिला प्रश्न दक्षिणेला पाय करून का झोपायचं नाही, हा आहे.